मागे जोडलेलं दुसरं वाहन

ब्रिटनमधली मराठी कुटुंबं उन्हाळ्यात कॅरव्हॅन जोडून डोव्हरमार्गे फ्रान्सला निघतात, तेव्हा त्यांची तयारी घर हलवल्यासारखी चालते. कुकर, अंथरुणं, मुलांचे खेळ, आठ दिवसांचा किराणा. कागदांची पाळी आदल्या रात्री येते, आणि तीही पुढच्या गाडीच्या कागदांपुरती. बहुतेक अडचणींचं मूळ मला इथेच दिसतं. कॅरव्हॅन आपल्याला घर वाटते, पण कायद्याला ती वाहन दिसते, आणि इंग्लिश खाडी ओलांडल्यावर प्रत्येक देशाला जरा वेगळं वाहन दिसतं. म्हणून यादी करायला बसताना कागदाचे दोन रकाने आखावेत, एक ओढणाऱ्या गाडीचा आणि दुसरा मागच्या वाहनाचा. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर तयारी अर्धीच झाली आहे.

नोंदणीपासूनच बघा. ब्रिटनमध्ये घरगुती कॅरव्हॅनला सहसा स्वतःचा क्रमांक नसतो, पुढच्या गाडीचीच पाटी मागे लावतात. फ्रान्समध्ये मात्र ५०० किलोंपेक्षा जास्त कमाल वजनाच्या ट्रेलरला स्वतंत्र नोंदणीपत्र आणि स्वतंत्र पाटी लागते. तिथल्या पोलिसाने मागच्याचे कागद मागितले, तर तो खोडी काढत नसतो, त्याच्या देशात ते असतातच. ब्रिटनने २८ मार्च २०१९ पासून परदेशी जाणाऱ्या ट्रेलरसाठी नोंदणी सुरू केली. ३,५०० किलोंवरच्या ट्रेलरला ती सक्तीची आहे. घरगुती कॅरव्हॅन बहुधा त्याखाली बसते, त्यामुळे तिला ऐच्छिक. ऐच्छिक म्हणून ती सोडून देऊ नये असं माझं मत आहे. निदान खरेदीची पावती आणि कॅरव्हॅनच्या नोंदी ठेवणाऱ्या सीआरआयएसचं नोंदपत्र तरी बरोबर हवंच. पुढच्या गाडीचं नोंदणीपत्र, म्हणजे व्ही५सी, मूळ प्रत म्हणून लागतं. गाडी लीजवरची असेल तर व्ही५सी लीज कंपनीकडे असतं, आणि त्याच्या जागी व्हीई१०३ हा दाखला मागवावा लागतो. आपल्यातल्या अनेकांच्या गाड्या नोकरीतून लीजवर आलेल्या असतात, तरी हा दाखला फार थोड्यांना माहीत असतो.

वाहन चालवण्याचा परवानाही दोन रकान्यांतून वाचावा. १६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. १ जानेवारी १९९७ नंतर परीक्षा दिलेल्यांना त्याआधी त्यासाठी वेगळी परीक्षा होती. पण जुन्या कार्डावर ती मुभा छापलेली नसू शकते, आणि परदेशातला पोलीस छापलेलं वाचतो. पुण्याहून आलेल्या काकांना वा मेव्हण्यांना आळीपाळीने चालवू द्यायचं असेल, तर त्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच काढून आणावा. तो एक वर्षाचा असतो आणि मूळ परवान्याशिवाय त्याला अर्थ नाही. शिवाय भारतातल्या मोटारीच्या परवान्यावर जड कॅरव्हॅन ओढता येईल असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. त्यांना सुटी गाडी द्यावी, तीही विमा कंपनीला नाव कळवून.

रस्त्याच्या करांत आणि नियमांत तर हे दुहेरीपण देशागणिक बदलतं. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकची वार्षिक विन्येट लागते, आणि कॅरव्हॅनला वेगळी, म्हणजे ८० फ्रँक. शेजारच्या ऑस्ट्रियात साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीच्या एका विन्येटमध्ये मागचा ट्रेलर येऊन जातो. जर्मन शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रांचा हिरवा स्टिकर फक्त पुढच्या गाडीला. ऑटोबानवर वेगाची मर्यादा नाही हे ऐकीव ज्ञान तर इथे मुळीच चालत नाही, कॅरव्हॅन जोडली की साधारणपणे ताशी ८० किलोमीटर. नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणारी तार टोबॉलभोवती नुसती गुंडाळून चालत नाही, तिच्यासाठी ठरलेल्या कडीत अडकवावी लागते. पंधरा मिनिटांचं काम, पण ते फेरीच्या रांगेत उभं राहून होत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं, ‘इतकी वर्षं लोक जातात, कोणी अडवत नाही.’ खरं आहे, बहुतेकदा कोणी अडवत नाही. पण कागद विचारले जातात ते अपघाताच्या दिवशी, आणि पोलिसांपेक्षा कसून विमा कंपनी विचारते. घरी सर्वंकष असलेली पॉलिसी परदेशात आगाऊ कळवल्याशिवाय फक्त किमान त्रयस्थ विम्यावर उतरू शकते. कॅरव्हॅनचं स्वतःचं नुकसान बहुधा गाडीच्या पॉलिसीत येतच नाही. रस्त्यात मदत करणाऱ्या सेवेच्या सभासदत्वालाही लांबी-वजनाच्या अटी असतात. गाडी ट्रकवर चढली आणि कॅरव्हॅन महामार्गाच्या कडेला उभी राहिली, तर कोणाला फोन करायचा, हे घरूनच विचारून घ्यावं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आधी जाऊन आलेल्या मित्राची यादी असताना नवी कशाला? कारण यादी शिळी होते. फ्रान्सने २०१२ मध्ये गाडीत मद्यतपासणीची नळी ठेवणं सक्तीचं केलं, ११ युरोंचा दंड मात्र प्रत्यक्षात कधी लागू झाला नाही, आणि २०२० मध्ये ती सक्तीही गेली. नळी अजून यादीत आहे. ‘ग्रीन कार्ड’ नावाचा विम्याचा दाखला युरोपीय संघात २ ऑगस्ट २०२१ पासून लागेनासा झाला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरपासून ‘जीबी’ स्टिकर जाऊन ‘यूके’ आला. मित्राच्या यादीतून मुद्दे घ्यावेत, पण प्रत्येक ओळ त्या त्या देशाच्या आजच्या अधिकृत माहितीशी ताडून बघावी. त्रिकोण, प्रथमोपचार पेटी, हेडलाइटचा झोत वळवणाऱ्या पट्ट्या या वस्तू बहुतेकांकडे असतात. चमकतं जॅकेट मात्र डिकीत असून भागत नाही, फ्रान्समध्ये ते सीटवरून हाताला लागलं पाहिजे.

आता घराकडे वळू, कारण तिथेही नियम आहेत. कॅम्पसाइटवरच्या ६ अँपिअरच्या वीजजोडणीवर जेमतेम १,४०० वॉट मिळतात, ब्रिटिश स्वयंपाकघरातली किटली लावली की फ्यूज उडालाच. मुक्कामाच्या जागा निवडताना भाड्याबरोबर अँपिअर विचारावेत, किंवा कमी वॉटची किटली घ्यावी. ब्रिटनमधला कॅलर गॅसचा सिलिंडर खाडीपलीकडे बदलून मिळत नाही. आणि तूप. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपीय संघात दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तुपाची बरणी, पेढे, चीज, चिकनचा डबा सगळं त्यात आलं. तान्ह्या बाळाच्या दूध पावडरीला तेवढी मर्यादित सवलत आहे. ‘आपल्याच फ्रीजमध्ये तर आहे’ हे कस्टमसमोर उत्तर होत नाही. चाकांवरचा फ्रीज सीमेवर माल वाहतो. फोडणी ऑलिव्ह तेलात द्यावी, आठवडाभर चालतं.

शेवटी जागेचा प्रश्न. घराची सवय म्हणून कागदांची फाईल कॅरव्हॅनच्या कपाटात जाते. कॅरव्हॅन मुक्कामाला राहते, गाडी मात्र बाजाराला, किल्ला बघायला, पेट्रोलला दिवसभर फिरते, आणि पोलीस भेटतो तो त्या फिरण्यात. मूळ कागद गाडीबरोबर फिरवावेत आणि उतरताना आपल्यासोबत घ्यावेत. कपाटात ठेवाव्यात त्या प्रती.