किती तास बसलास, हे विचारू नका

‘वाचतो खूप, पण पेपरात काही आठवत नाही.’ बारावीच्या मुलांचे पालक भेटले की हे गाऱ्हाणं ठरलेलं. उपायही ठरलेले: बदाम, ब्राह्मी आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरचा आणखी एक क्लास. खरं तर पोराची स्मरणशक्ती ठणठणीत असते. गेल्या आयपीएलचे स्कोअर त्याला तोंडपाठ असतात. ज्याच्याशी आपलं काही घेणंदेणं आहे असं वाटतं तेवढंच डोक्यात टिकतं.

हे घेणंदेणं नाशिकमध्ये शोधायला लांब जावं लागत नाही. सरळव्याजाला कंटाळलेल्या मुलाला पांडवलेण्यांत, दहा नंबरच्या लेण्यात न्या. तिथे ब्राह्मी लिपीतला लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. २,००० वर महिन्याला शेकडा १ व्याज, उरलेल्या १,००० वर शेकडा पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातल्या २,००० च्या व्याजातून लेण्यातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण. आता मांडा हिशेब. व्याज महिन्याला २०, म्हणजे वर्षाचे २४०. वीस भिक्खूंचे बारा-बारा, तेही २४०! जवळपास १,९०० वर्षांपूर्वीचा ताळेबंद चोख जुळतो. आजच्या ट्रस्टचा कॉर्पस फंड तो हाच. हे पाहून एखादीला लिपीचीच गोडी लागली, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकता येतं आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची शिलालेखांवर काम करणारी शाखा म्हैसूरला आहे, हेही पालकांना माहीत असू द्या.

सायन्सवाल्यांनी दिंडोरी, पिंपळगावकडची द्राक्षबाग गाठावी. ऑक्टोबर छाटणीनंतर शेतकरी घड ज्यात बुडवतात ते ‘जीए’ म्हणजे पुस्तकातलं जिबरेलिक ॲसिड, आणि डाऊनी रोगावर फवारतात त्या बोर्डो मिश्रणात असतात मोरचूद आणि चुना.

अर्थात सगळाच अभ्यासक्रम असा बागेत किंवा लेण्यात सापडत नाही. उरलेल्यासाठी पुस्तक मिटायला शिका. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. हायलायटरने रंगवलेली पानं पाहून ‘झालं माझं’ वाटतं, ते त्या पाच मिनिटांपुरतं. धडा संपला की कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. सुरुवातीला कागद अर्धा रिकामा राहील. राहू द्या. काय येत नाही ते परीक्षेआधी कळलेलं बरं.

आणि आईबाबांनो, रात्री जेवताना ‘किती तास बसलास?’ विचारण्याऐवजी ‘आज शिकलेलं एक काहीतरी मला समजावून सांग’ म्हणा. नाही कळलं तर खुशाल पुन्हा विचारा. फक्त तेवढा वेळ तुमचाही मोबाइल बाजूला ठेवा.