आधी तारीख बघ, मग रड

अगं, रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, ‘ताई, डिनाय झालं’, आणि त्यापुढे काहीच नाही. फोन केला तर उचलत नाहीस. म्हटलं लिहूनच काढावं. सकाळी चहा घेताना वाच.

आधी आय-९४, म्हणजे मुक्कामाच्या परवानगीचा कागद, काढ. पासपोर्टातल्या व्हिसावरची तारीख नको बघूस, तिचा इथे अमेरिकेत राहण्याशी संबंध नाही. मागच्या मंजुरीच्या कागदाला खाली जो आय-९४ जोडलेला असतो, त्यावरची बघ. मला आठवतंय त्याप्रमाणे तुझे अजून सात आठवडे आहेत. तसं असेल तर तू आजही स्टेटसमध्ये आहेस. सोमवारी नेहमीसारखी कामावर जा. इमिग्रेशनवाल्यांनी नाकारलीय ती तुझ्या एच-१बी व्हिसाची पुढची मुदत. जुनी मंजुरी तिच्या तारखेपर्यंत तशीच आहे. ‘डिनायल’ म्हटलं की माणूस थेट बॅगा काढतो, म्हणून हे आधी सांगतेय.

२०१८ मध्ये मी बॅगा काढल्या होत्या, आणि मला त्या काढाव्याच लागल्या. तुझी तेव्हा परीक्षा होती, तुला कुणी धड सांगितलं नाही. माझी एच-१बीची मुदत संपायला आठवडा असताना कंपनीने पिटिशन टाकली. वकील म्हणाला, पावती आली की २४० दिवस काम करता येतं, काळजी नको. येतंही. पण आय-९४ संपून चार महिने झाले होते तेव्हा नकार आला, आणि काम त्या क्षणी बंद. दुसऱ्या दिवसापासून बेकायदा मुक्कामाचे दिवस मोजले जायला लागले. ते १८० च्या वर गेले आणि मग देश सोडला, की तीन वर्षं परत पाय ठेवता येत नाही. वर्षभर झाले तर दहा. साठ दिवसांचा ग्रेस असतो ना, असं मीही विचारलं होतं. तो असतो, पण आय-९४ च्या तारखेपलीकडे जात नाही, आणि माझी तारीख केव्हाच होऊन गेलेली. नऊ दिवसांत घर आवरलं. मसाल्याचा डबा होता तसा भरलेला शेजारच्या गुजराती मावशींना दिला. गोडा मसाला त्यांनी खिचडीत घातला म्हणे.

मग पुण्यात पाच महिने. कोट्यात मी आधीच मोजलेली असल्यामुळे पुन्हा लॉटरीत जावं लागलं नाही. कंपनीने नवी पिटिशन टाकली, ती मंजूर झाली, मुंबईत बीकेसीत व्हिसाचं स्टॅम्पिंग झालं. पण जिना चढताना रोज कुणीतरी विचारायचं, ‘अजून किती दिवस रजा?’ ते पाच महिने नंतर सहा वर्षांच्या मुदतीत परत मिळाले. पगार मात्र नाही मिळाला.

हा रस्ता आता तुला कुणी सहज सुचवेल, ‘जाऊन ये गं जरा’. नको. सप्टेंबर २०२५ मध्ये, देशाबाहेर असलेल्या माणसासाठी नवी पिटिशन टाकायची तर कंपनीने एक लाख डॉलर भरावेत असा आदेश निघाला. वकिलाने लेखी सांगितल्याशिवाय तिकीट काढू नकोस.

आता ते पत्र. पिटिशन कंपनीची असते, आपण तिच्यात फक्त नाव. म्हणून नकारही त्यांच्याच पत्त्यावर जातो आणि आपल्याला एचआरची एक ओळ येते. माझे तीन दिवस ‘नक्की काय लिहिलंय’ हे विचारण्यात गेले. तू आजच अख्खं पत्र माग, आणि आरएफईला, म्हणजे जादा पुराव्याच्या मागणीला, कंपनीने जे उत्तर दिलं होतं तेही. लाजू नकोस, दोनदा माग.

मला शंका आहे ती कंपनीने पिटिशनला जोडलेल्या सपोर्ट लेटरची. मागे तू मला पाठवलं होतंस. त्यात तुझं काम काय? ‘टीमशी समन्वय साधणे, चाचण्यांवर देखरेख ठेवणे, बैठकांना उपस्थित राहणे.’ अगं, हे तर आपल्या सोसायटीचे सेक्रेटरीही करतात! आणि पुढे, ‘कॉम्प्युटर, बिझनेस किंवा तत्सम पदवी’. कुठलीही पदवी चालते म्हटल्यावर अधिकारी म्हणणारच की या कामाला विशिष्ट शिक्षण लागत नाही. खरं काम लिहायला सांग: कर्जाच्या सिस्टिमसाठी टेस्ट डेटा कसा तयार करतेस, ऑटोमेशनचा कोड कोण लिहितं, कशाला किती टक्के वेळ जातो, त्यासाठी पदवीतला कुठला विषय लागतो. क्लायंटचं पत्रही त्याच्याशी जुळणारं हवं. फुगवू मात्र देऊ नकोस. एलसीएवर, म्हणजे कामगार खात्याकडच्या अर्जावर, पगाराची सगळ्यात खालची पातळी आणि पत्रात टीमची सर्वेसर्वा, हे लगेच डोळ्यावर येतं.

वकील मोशन म्हणेल, म्हणजे निकाल पुन्हा तपासा असा अर्ज. आय-२९०बी फॉर्म, तीस दिवसांत, निकाल पोस्टाने आला असेल तर तेहतीस. तेही कंपनीनेच टाकायचं. पण त्याने तुझी तारीख एका दिवसानेही पुढे सरकत नाही. हातात सात आठवडे असताना माझं मत सरळ आहे: नवी पिटिशन, नीट लिहिलेली, प्रीमियममध्ये, म्हणजे पंधरा कामाच्या दिवसांत काहीतरी कळतं. अधिकाऱ्याची उघड चूक असेल तर मोशनही टाकू देत. (माझ्या वेळी अधिकारी तीन वर्षांचं नेमून दिलेलं काम आधीच दाखवा म्हणायचे. २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टाने ते मोडीत काढलं. मला काय उपयोग!)

आणि कंपनीचा वकील कंपनीचा असतो. तासभराचे पैसे देऊन स्वतःचा एक गाठ. पैसे मी देते, त्यावर वाद नको.

आईला मी काही बोललेले नाही. मागच्या वेळी तिला नकाराचं महिन्याने शेजारच्या काकूंकडून कळलं, ते तिने अजून सोडलेलं नाही. रविवारी तूच फोन कर. त्याआधी आय-९४ चा फोटो मला पाठव, मी वाट बघतेय.