भीमाशंकर : वाटाड्यासोबत वनदर्शनाचा एक दिवस

पुणे, ठाणे व रायगड या जिल्ह्यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकरचे अरण्य पसरले आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून हे क्षेत्र सर्वपरिचित आहे. परंतु दर्शन घेऊन परतणाऱ्या बहुतेकांना भोवतालच्या अरण्याची ओळख होत नाही. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू याचे ते हक्काचे घर होय. ते पाहावयाचे तर जाणत्या स्थानिक वाटाड्याबरोबर एक दिवस पायी हिंडावे.

वृक्षमाथ्यावरील वाट

सकाळी लवकर निघणे श्रेयस्कर. शेकरू दिवसा वावरणारा प्राणी असला, तरी भर दुपारी तो विसावतो. नवखा माणूस त्याला जमिनीवर शोधतो. वाटाड्या प्रथम झाडांच्या शेंड्यांकडे पाहतो. बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या व पाने रचून केलेले गोल घरटे तो दाखवितो. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतो, त्यामुळे घरट्यांची संख्या म्हणजे शेकरूंची संख्या नव्हे. अर्धवट कुरतडलेली ताजी फळे वाटेवर पडलेली दिसली, की वर कोणी आहे हे तो ओळखतो.

अंजनी, जांभूळ, आंबा, हिरडा अशा वृक्षांचे माथे येथे एकमेकांना भिडलेले असतात. शेकरू सुमारे वीस फुटांपर्यंत झेप घेतो. मधले अंतर त्याहून वाढले, तर त्याला जमिनीवर उतरावे लागते आणि तेथे बिबट्याचे व कुत्र्यांचे भय असते. म्हणजेच सरपणासाठी तोडलेले एक झाड ही केवळ एका झाडाची हानी नसते. शेकरूची वाटच तेथे तुटते. हा या भ्रमंतीतील मुख्य धडा आहे.

कड्यावरून दिसणारा भूगोल

वाटेवर शीळ घालणारा कस्तूर ऐकू येतो. ओल्या मातीत भेकराचे वा सांबराचे खूर उमटलेले आढळतात. पुढे नागफणीच्या कड्यावर झाडी विरळ होते आणि पायथ्याचे कोकण व पदरगडाचा सुळका दृष्टीस पडतो. पश्चिमेच्या उतारावरील पाणी अरबी समुद्राकडे धावते. पूर्वेचे पाणी भीमेतून कृष्णेला व तेथून बंगालच्या उपसागराला मिळते. पाणलोट म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना येथे नकाशावाचून समजते. भीमेकाठची शेती या वनाच्या पाणी मुरविण्याच्या शक्तीशी जोडलेली आहे, हेही त्यांच्या ध्यानी येते.

वाटाड्या कोण?

या परिसरात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. हिरडा गोळा करणे हा येथील अनेक कुटुंबांचा जुना आधार; देवाच्या नावाने राखलेल्या देवराया ही त्यांची परंपरा. अभयारण्याच्या निर्बंधांचा भार प्रथम याच लोकांवर पडतो. पाहुणे येऊन कचरा तेवढा मागे ठेवून गेले, तर वनरक्षणात गावाला आपुलकी कशी वाटावी? वाटाड्याचे मानधन गावातच राहिले, तर उभे झाड हेच उत्पन्नाचे साधन ठरते.

पंचायत व शाळा यांचे कार्य

ग्रामपंचायतीने वनखात्याच्या संमतीने वाटाड्यांची पाळी व दर ठरवून फलकावर लावावेत, तसेच एका तुकडीतील माणसांची संख्या मर्यादित ठेवावी. शिक्षकांनी सहलीपूर्वी परवानगी घ्यावी आणि मुलांना शांतता पाळण्याची सवय लावावी. वन्य प्राण्यांना त्रास देणे व अभयारण्यात कचरा टाकणे यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, हेही सांगावे. पावसाळ्यात दाट धुके व निसरड्या वाटा असल्याने कड्याकडे जाण्याबाबत वाटाड्याचा शब्द अखेरचा मानावा.

शेकरू दिसेलच असे नाही. परंतु परतताना विद्यार्थ्याची नजर आपोआप वृक्षांच्या माथ्याकडे वळली आणि दोन झाडांमधील मोकळी जागा त्याला खटकली, तर तो दिवस सार्थकी लागला असे समजावे.