तापानंतरचा थकवा : आळस की आजार?

२०२० साली अंधेरीच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात करोनाचे रुग्ण दाखल होत होते. मुंबईत या आजारातून उठलेल्या काहींचा थकवा मात्र महिनोन्‌महिने गेला नाही. विषाणुजन्य तापानंतर असा थकवा चिवटपणे राहिला, तर तो ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ असू शकतो.

त्याचे निदान एखाद्या रक्ततपासणीने होत नाही. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षय हे आधी वगळावे लागतात. अमेरिकेतील २०१५ च्या निकषांनुसार सहा महिन्यांहून अधिक काळ कार्यशक्ती खालावलेली, श्रमानंतर दुखणे बळावणे व झोपूनही ताजेतवाने न वाटणे ही तिन्ही लक्षणे लागतात. शिवाय स्मरण-विचारात अडथळा किंवा उभे राहिल्याने होणारा त्रास, यांपैकी एक.

लोकलने कामावर जाऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी अंथरूण धरतो का, हे विचारलेच पाहिजे. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून कोणी आळशी ठरत नाही.