आपल्या भूमीखालील शिलारस

लातूर-नांदेडकडील बहुतेक गांवीं विहीर खणूं लागलें असतां प्रथम काळी माती, मग मुरूम आणि त्याखालीं काळा कातळ लागतो. हा कातळ एके काळीं वितळलेला रस होता, हें आमच्या बालवाचकांनीं वर्गांत ऐकलें असेलच. परंतु भूमींतून गुडगुड असा आवाज आला, किंवा फळीवरील भांडीं हादरलीं, म्हणजे हेंच ज्ञान भीतीचें कारण होतें. जेथें एकदां अग्निरस वाहिला, तेथें पुन्हां ज्वालामुखी फुटणार नाहीं कशावरून? या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर शिलारस भूगर्भांत कसा उत्पन्न होतो व कोणत्या मार्गानें वर येतो, हें आधीं पाहिलें पाहिजे.

पृथ्वीच्या कवचाखालीं सर्वत्र वितळलेल्या दगडाचा समुद्र उसळत आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. कवचाखालीं सुमारें २९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण नांवाचा जो थर आहे, तो अतिशय तप्त असूनहि बहुतांशीं घनच आहे. उष्णता दगडास वितळवूं पाहते, परंतु वरील खडकांचा प्रचंड दाब त्यास वितळूं देत नाहीं.

हा तोल तीन प्रकारांनीं बिघडतो. एक, तप्त घन खडक हळूहळू वर सरकला म्हणजे त्यावरील दाब कमी होतो व तो अंशतः वितळतो. उंच पर्वतावर हवेचा दाब कमी असल्यामुळें पाणी कमी उष्णतेवर उकळतें, तसाच कांहींसा हा प्रकार होय. दोन, समुद्रतळाचें कवच दुसऱ्या कवचाखालीं खचतें, तेव्हां त्याबरोबर गेलेल्या पाण्याच्या योगानें खोलवरचा खडक कमी उष्णतेवरहि वितळतो. अंदमानांतील बॅरन बेट, म्हणजे भारतांतील एकमेव जागृत ज्वालामुखी, अशाच ठिकाणीं आहे. तीन, खालून आलेल्या शिलारसाच्या उष्णतेनें कवचांतील खडकहि वितळूं शकतो.

खडक एकदम सगळा वितळत नाहीं. उन्हाळ्यांत मांजरेच्या पात्रांत झिरा खणला असतां वाळूच्या कणांमधून पाणी झिरपून एकत्र येतें. त्याप्रमाणें खडकाच्या कणांच्या सांध्यांत प्रथम थोडा रस सुटतो व मग एकत्र जमतो. तो भोंवतालच्या खडकापेक्षां हलका असल्यामुळें वर चढूं लागतो. कवचांत त्याची गति मंदावते व तेथें त्याचें कोठार बनतें. या रसांत पाण्याची वाफ व इतर वायु विरघळलेले असतात. रस वर येऊन दाब कमी झाला, कीं वायूंचे बुडबुडे सुटतात, रस फुगतो, वरच्या खडकास तडे पडतात आणि त्या तड्यांतून तो भूपृष्ठाकडे धांवतो. म्हणूनच उद्रेकापूर्वीं बहुधा लहान लहान धक्के बसतात, जमीन फुगते व वायु बाहेर पडूं लागतात. अशा तड्यांत थिजलेल्या रसाच्या उभ्या भिंती धुळें व नंदुरबारकडे आजहि दिसतात. बुडबुड्यांची खूण तर आपल्या विहिरींच्या दगडांतहि सांपडते: त्यांतील बारीक छिद्रें, व कित्येकांत मागाहून भरलेले पांढरे स्फटिक.

सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं आपल्या दख्खनेंत हेंच घडलें. लांबच लांब भेगांतून रसाचे थरावर थर पसरले. त्यांनीं व्यापलेला प्रदेश आज सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर आहे. किल्लारी येथें भूकंपानंतर संशोधनासाठीं घेतलेल्या विंधनछिद्रांत या कातळाची जाडी ३३८ मीटर भरली. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, देगलुराकडे, हें आच्छादन संपून त्याहून कितीतरी प्राचीन ग्रॅनाइट उघडा पडतो. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मतें त्या काळीं भारतभूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस, खोलवरून वर येणाऱ्या तप्त खडकाच्या एका स्तंभावर होती. पुढें ती उत्तरेस सरकली. स्तंभ मागेंच राहिला. हिंदी महासागरांतील रेयुनियों बेटाचा ज्वालामुखी त्यावरच असून तो अद्याप जागृत आहे. आपल्या कातळाची चूल अशी हजारों किलोमीटर मागें राहिली आहे.

मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस काय झालें? गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असतां सुमारें दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं. तो शिलारसाचा उठाव नव्हता. भारताचें कवच उत्तरेस हिमालयाकडे रेटलें जात आहे. त्या ताणानें कातळाखालील पुरातन खडक एका दुबळ्या जागीं तुटला. लोक मेले ते मुख्यतः मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व जड माळवदें अंगावर कोसळून.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, भूमि गुडगुडली असतां ज्वालामुखीची धास्ती मुलांच्या मनांत घालूं नये. परंतु घर बांधतांना भिंतींत जोडदगड व सर्व भिंतींस बांधणारा सलग पट्टा घालण्यास चुकूं नये. पहिली भीति निराधार आहे. दुसरी काळजी मात्र खरोखर प्राण वांचविणारी आहे.