माळावरची सावली

पुष्कळ गावांच्या बाहेर मोकळा माळ असतो. तिथे पीक येत नाही. झाड नाही, घर नाही. अशा माळावर हल्ली कधी कधी शहरातली हौशी मंडळी येतात. बरोबर लहान विमाने आणतात. विमान दोन-चार हात लांब. त्यात माणूस बसत नाही. मालक जमिनीवर उभा राहतो आणि हातातल्या यंत्राने ते आकाशात फिरवतो. अशी माणसे मिळून मंडळ काढतात. सुटीच्या दिवशी सकाळी येतात ती संध्याकाळी परत जातात. गावची पोरे बघायला जातात. थोरही जातात, पण आम्ही सहज आलो होतो असे सांगतात!

माळावर ऊन फार. म्हणून मंडळ म्हणते, इथे एक कायमचा मांडव घालू या. माळ गायरान असेल तर आधी ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला विचारले पाहिजे. गायरान सरकारी असते. तिथे कुणी मनाला येईल तसे खांब रोवू नयेत. परवानगी मिळाली की काम गावच्या गवंड्याकडे आणि लोहाराकडे येते. मांडवाचा उपयोगही पुढे गावालाच जास्त होतो. मंडळ आठवड्यात एक दिवस येणार. बाकीचे सहा दिवस मेंढके, गुराखी, वाटसरू तिथेच टेकणार. म्हणून हे काम कसे करायचे ते आपण समजून घेऊ.

लग्नाचा मांडव चार दिवसांचा. हा मांडव वीस वर्षे टिकायला हवा. त्याचा मोठा वैरी ऊन नव्हे, पाऊसही नव्हे. वारा.

छत्री उलटी झालेली तुम्ही पाहिली आहे. वारा छत्रीच्या खाली शिरतो आणि तिला वर ढकलतो. विमानाचे तसेच. त्याचा पंख पुढून किंचित वर उचललेला असतो. धावताना तो हवेला खाली दाबतो, आणि हवा त्याला वर उचलते. आता मांडवाचे छप्पर बघा. चारी बाजू उघड्या, वर रुंद पत्रा. तोही एक पंखच झाला की! ज्या हवेने विमान उडते त्याच हवेने छप्पर उडते. विमान उडावे म्हणून आपण आलो, छप्पर उडू नये म्हणून जपायचे.

पुष्कळ जण विचारतात, “अहो गुरुजी, पत्रा तो केवढा हलका! त्याला एवढे मोठे खड्डे कशाला? खांब काय वजनाने खचणार आहेत?”

खचणार नाहीत. उपटून निघतील. खड्डा पत्र्याचे ओझे पेलायला नसतो, पत्रा धरून ठेवायला असतो.

थोडा हिशेब करू. मांडव ३० फूट लांब आणि १२ फूट रुंद धरा. छप्पर झाले ३६० चौरस फूट. त्यावरच्या पत्र्याचे वजन दोनशे किलोही भरत नाही. वारा ताशी ७० किलोमीटर वेगाने आला तर दर चौरस फुटाला सुमारे २ किलो जोर लागतो. वेग दुप्पट झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. हे नीट ध्यानात घ्या. ताशी १४० किलोमीटरला तोच जोर साडेआठ किलोच्या वर जातो. साऱ्या छपराचा मिळून तीन हजार किलो!

एवढा वारा आपल्याकडे येतो का? रोज येत नाही. पण घरे बांधणाऱ्यांसाठी आपल्या देशाचा वाऱ्याचा नकाशा केलेला आहे. पन्नास वर्षांत एखादे वेळी येईल असा झोत धरून तो केला आहे. त्यात पुण्यासाठी ताशी १४० किलोमीटर धरले आहेत. मुंबईला आणि नागपूरला १५८. चैत्र-वैशाखात वळीव येतो तेव्हा वावटळ कशी उठते ते तुम्हाला सांगायला नको. सुटलेला पत्रा तेव्हा तलवारीसारखा फिरतो. माणूस आडवा आला तर जीव जातो.

म्हणून तीन हजार किलोला तोडीस तोड वजन जमिनीत हवे. एका बाजूला चार खांब, दुसऱ्या बाजूला चार. दर खांबाला दोन फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा. तो काँक्रीटने भरला की एकेक खड्डा आठशे किलोचा होतो. आठ खड्डे मिळून साडेसहा हजार किलो. लागतो त्याच्या दुप्पट. एवढी बेगमी असावी. खांब लोखंडी पाइपाचा घ्यावा. त्याच्या बुडाला दोन सळया आडव्या जोडाव्यात, म्हणजे पाइप काँक्रीटमधून सटकत नाही. काँक्रीट जमिनीच्या चार बोटे वर आणून त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. पाइप गंजतो तो नेमका जमिनीलगत, पाणी साचते तिथे.

माळाला बहुधा मुरूम लागतो. ते बरे. काळी जमीन असली तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, खांब हलवते. तिथे मुरूम लागेपर्यंत खाली जावे, मग तीन फुटांवर भागत नाही.

खड्डे भक्कम आणि पत्रा खिळ्याने ठोकलेला, असे असेल तर सारे फुकट. पत्रा आकड्याच्या बोल्टने कैचीवरच्या पाइपाला धरावा, वर रुंद वायसर घालावा. कडेला आणि कोपऱ्याला वाऱ्याचा ओढा जास्त, तिथे बोल्ट दाट असावेत. खांब आणि छप्पर यांच्या कोनात तिरपे टेके द्यावेत. टेके नसले की मांडव खाटेसारखा डुलतो, आणि डुलता डुलता जोड सैल होतात. छप्पर दोन पाखी करावे. पाच फुटांना एक फूट चढ पुरे. एक पाखी छपराची उंच कड वाऱ्याच्या तोंडाला आली की ते विमानाच्या पंखासारखेच उचलते, आणि वळवाचा वारा दिशा सांगून येत नाही.

आता मांडव कुठे आणि कसा उभा करायचा? इथे बरेच जण फसतात. सावली मांडवाच्या खालीच पडते असे त्यांना वाटते. तशी ती फक्त दुपारी साडेबाराच्या सुमारास पडते. मे महिन्यात पुणे-सातारा भागात सूर्य तेव्हा डोक्यावर असतो. चार वाजता दहा फूट उंच छपराची सावली अकरा-बारा फूट पूर्वेला सरकते. पाच वाजता एकोणीस फूट. मांडव पूर्व-पश्चिम बारा फूटच असेल तर पाच वाजता सगळी सावली बाहेर, आणि माणसे आत उन्हात! म्हणून मांडवाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. तीस फुटांपैकी दहा फूट तरी सावली खाली उरते. पश्चिमेच्या बाजूला बांबूची तट्टी लावली की तीही वाढते. तट्टीत फटी असाव्यात, वारा निघून जायला. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी ती सोडून ठेवावी.

विमानांच्या सोयीनेही हेच बसते. विमान उतरते ते वाऱ्याच्या तोंडावर. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून धावपट्टी बहुधा पूर्व-पश्चिम काढतात. उडवणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य येऊ नये म्हणून तो उत्तरेकडे तोंड करून उभा राहतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो, तो पाठीशी राहतो. तेव्हा मांडव धावपट्टीच्या दक्षिणेला हवा, तिला समांतर, आणि चांगला लांब. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना काही उभे करू नये. विजेच्या तारांपासूनही दूरच राहावे.

पत्रा तापतो. त्याला वरून पांढरा रंग द्यावा आणि खाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या चटया लावाव्यात. मधून हवा खेळली की खाली निम्मी धग लागत नाही. गवताचे छप्पर सर्वांत थंड, हे खरे. पण ही विमाने बॅटरीवर चालतात, आणि त्या बॅटऱ्या कधी कधी पेट घेतात. गवताखाली त्या ठेवू देऊ नयेत. सिमेंटचे जुने पत्रे कुणी फुकट दिले तरी घेऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस असते. कापताना, फुटताना त्याची धूळ उडते आणि छातीत जाते.

आणखी एक. आभाळात गडगडू लागले की मांडवाखाली थांबायचं नाही. उघड्या माळावर तो एकटाच उंच असतो, आणि बाजू उघड्या असल्याने विजेपासून तो राखत नाही. पक्क्या घरात जावे, नाही तर मोटारीत काचा लावून बसावे. ही गोष्ट खांबावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी. आता वाचणारे गावात पुष्कळ आहेत.

पैसे कमी असतील तर पत्र्याऐवजी हिरवी जाळी लावतात. जाळीतून थोडा वारा पार जातो, म्हणून जोर कमी लागतो. ती पावसाला मात्र अडवत नाही. उन्हाने चार-पाच वर्षांत विरते. प्लास्टिकचा कागद कायमचा कधीच बांधू नये. तो शिडासारखा फुगतो आणि खांबांसकट ओढून नेतो. खड्डे जाळीसाठीही तेवढेच खोल खणावेत, पुढे पैसे जमले की त्याच खांबांवर पत्रा चढवता येतो. जाळी मृगाच्या आधी उतरवून, गुंडाळून, उंदीर लागणार नाही अशा जागी ठेवावी. दसऱ्याला परत चढवावी. पत्रा असेल तर फाल्गुनात, वळवाच्या आधी, एकाने शिडीवर चढून प्रत्येक बोल्ट पान्याने आवळावा. गंज दिसेल तिथे खरवडून लाल रंग लावावा.