डॉक्टर खासदारकीला उभे राहिले तर दवाखान्याचे काय?

प्रश्न : कामोठ्यात आमच्या सोसायटीजवळ दवाखाना असलेले एक डॉक्टर पुढच्या लोकसभेला उभे राहणार, अशी चर्चा आहे. त्यावरून घरात वाद झाला. भाऊ म्हणतो, उभे राहायचे तर दवाखाना बंद करावा लागतो. शेजारचे काका म्हणतात, डॉक्टर मंडळी राज्यसभेवरच जातात. आणि आई म्हणते, डॉक्टरच खासदार झाले तर कामोठ्याला सरकारी रुग्णालय नक्की मिळेल. यातले खरे काय?
– एक वाचक, कामोठे

उत्तर : वाद तिघांचा आहे, तर एकेकाचे म्हणणे तपासू. आधी भावाचे, कारण त्यात अर्धे सत्य आहे.

लोकसभेच्या उमेदवाराकडून संविधानाच्या ८४ व्या अनुच्छेदाची मागणी मोजकीच आहे : भारताचे नागरिकत्व, वयाची २५ वर्षे पूर्ण आणि संविधानाशी निष्ठेची शपथ. त्याशिवाय लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे देशातल्या कोणत्या तरी लोकसभा मतदारसंघाच्या मतदार यादीत नाव हवे. पदवीची अट नाही आणि वैद्यकीय व्यवसायाला मनाईही नाही. तुमच्या डॉक्टरांनी सकाळी रुग्ण तपासले आणि दुपारी उमेदवारी अर्ज भरला, तर त्यात गैर काही नाही.

भावाचा समज बहुधा सरकारी डॉक्टरांवरून झाला असावा. त्यांच्या बाबतीत नियम खरोखर कडक आहेत. सरकारी पगारावरच्या माणसाला सेवानियमांप्रमाणे राजकारणात भाग घेता येत नाही, आणि १०२ व्या अनुच्छेदानुसार सरकारकडचे लाभाचे पद असेल तर तो अपात्र ठरतो. म्हणून उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना किंवा परिचारिकांना उभे राहायचे असेल, तर आधी राजीनामा द्यावा लागतो आणि अर्जांच्या छाननीपूर्वी तो मंजूरही व्हावा लागतो. कामोठ्यातले एमजीएम रुग्णालय मात्र खासगी संस्थेचे. तिथल्या डॉक्टरांना ही अडचण येत नाही. रजा किती आणि कशी, एवढे त्यांनी व्यवस्थापनाशी बोलून ठरवायचे.

खासगी डॉक्टरांनी दोन ठिकाणी मात्र जपायला हवे. केंद्र सरकारला औषधे किंवा उपकरणे पुरवण्याचा त्यांचा स्वतःचा करार चालू असेल, तर लोकसभेसाठी तो अपात्रतेचे कारण ठरतो. दुसरे ठिकाण अधिक नाजूक, कारण तिथे हेतू चांगला असूनही पाय घसरतो. एरवी मोफत तपासणी शिबिर हे पुण्यकर्म. तेच निवडणुकीच्या काळात मते मिळवण्यासाठी घेतले, तर मतदाराला दिलेले प्रलोभन म्हणून भ्रष्ट आचरणात मोडू शकते. औषधाच्या चिठ्ठीवर निवडणूक चिन्ह आणि मताचे आवाहन छापले, की ती चिठ्ठी उरत नाही, प्रचारपत्रक होते. मग त्यावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव लागते आणि छपाईचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो.

आता काका. राज्यसभेवर गेलेले डॉ. विकास महात्मे किंवा डॉ. भागवत कराड त्यांच्या डोळ्यांसमोर असतील. पण लोकसभेतही महाराष्ट्राचे डॉक्टर कमी नाहीत. २०२४ मध्ये कल्याणहून डॉ. श्रीकांत शिंदे आणि पालघरहून डॉ. हेमंत सवरा हे दोघे अस्थिरोगतज्ज्ञ निवडून आले, लातूरहून नेत्रतज्ज्ञ डॉ. शिवाजी काळगे, तर शिरूरहून एमबीबीएस झालेले अभिनेते डॉ. अमोल कोल्हे. धुळ्यात तर दोन्ही प्रमुख उमेदवारांच्या नावाआधी ‘डॉ.’ होते. तिथे डॉ. शोभा बच्छाव यांनी कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. सुभाष भामरे यांचा अवघ्या ३,८३१ मतांनी पराभव केला.

नावाआधीच्या ‘डॉ.’मुळे मतयंत्रावर वरचा क्रमांक मिळतो, असाही एक समज आहे. तसे होत नाही. उपाधी छापायला हरकत नसते, पण नावांचा वर्णानुक्रम लावताना ती धरत नाहीत. मात्र उपाधीचा मतदारावर काय परिणाम होऊ शकतो, ते दिंडोरीत दिसले. केंद्रात आरोग्य राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार यांना २०२४ मध्ये हरवणारे भास्कर भगरे पेशाने शिक्षक, सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. त्याच निवडणुकीत भगरे आडनावाचे एक अपक्षही नावापुढे ‘सर’ लावून, तुतारी चिन्ह घेऊन उभे होते. त्यांना लाखाहून अधिक मते पडली.

आईंच्या प्रश्नाकडे वळण्याआधी थोडे आकडे पाहू, कारण चर्चेत ते नेहमी सुटतात. कामोठे मावळ लोकसभा मतदारसंघात येते. पनवेल, कर्जत, उरण घाटाखाली. मावळ, चिंचवड, पिंपरी घाटावर. २०२४ मध्ये इथे २५ लाखांहून अधिक मतदार होते आणि मतदान ५५ टक्क्यांच्या आसपास झाले, म्हणजे मते साधारण १४ लाख. अनामत रक्कम २५ हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला साडेबारा हजार. ती वाचवायची तर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात. म्हणजे नुसती अनामत राखायला सव्वादोन-अडीच लाख मते हवीत! दवाखान्याबाहेर कितीही रांग लागली, तरी पिंपरीतल्या मतदाराने तो दवाखाना पाहिलेला नसतो.

मग पाठीशी मोठा पक्ष नसलेला डॉक्टर निवडून येतो तरी कसा? डॉ. दत्ता सामंत यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ते मूळचे मालवणजवळच्या देवबागचे आणि घाटकोपरला दवाखाना चालवत. दगडखाणीतले मजूर उपचारासाठी त्यांच्याकडे येत. त्यांच्या कामाची आणि जगण्याची दुर्दशा पाहून डॉक्टर त्यांच्या बाजूने भांडू लागले, आणि त्यातून कामगार नेता घडला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार त्यांच्यामागे उतरले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर १९८४ मध्ये काँग्रेसने देशभर चारशेहून अधिक जागा जिंकल्या, त्या लाटेत सामंत मुंबई दक्षिण-मध्यमधून काँग्रेसच्या विरोधात लोकसभेवर गेले. ही मते रुग्णांची नव्हती, गिरणगावातल्या घराघरांची होती. संप फसला होता, तरी माणसे त्यांना सोडून गेली नव्हती. १६ जानेवारी १९९७ ला पवईत त्यांची हत्या झाली. पुढे आपल्या पनवेलजवळच्या कोन गावात गिरणी कामगारांसाठी घरे ठेवली गेली. तिथल्या कुटुंबांना या नावाची ओळख करून द्यावी लागणार नाही.

उरले रुग्णालय. आईंची अपेक्षा रास्त आहे, फक्त ती चुकीच्या दारी जाते आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे विषय राज्यसूचीत आहेत. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय राज्य शासनाचे. नागरी आरोग्य केंद्रे २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेची. आणि कामोठे वसवले सिडकोने, त्यामुळे भूखंडाचा प्रश्न निघाला की तिचेही नाव येते. म्हणून नव्या रुग्णालयासाठी आधी आमदार आणि नगरसेवकांना गाठावे.

संसदेच्या हातात असते ते वेगळे : वैद्यकीय शिक्षणाचे कायदे, डॉक्टरी व्यवसायाचे नियमन, औषधांचा दर्जा आणि किमती, राज्याराज्यांत पसरणाऱ्या साथींना आवर. इथे डॉक्टर खासदाराचे ज्ञान खरोखर उपयोगी पडते, आणि तुमच्या डॉक्टरांना प्रचारात प्रश्न विचारायचे तर याच विषयांवर विचारा, असे मला मनापासून वाटते. खासदाराला दरवर्षी ५ कोटींचा स्थानिक विकास निधीही मिळतो. त्यातून रुग्णवाहिका, उपकरणे, एखादी इमारत होऊ शकते. पण तो निधी घाटावरच्या आणि घाटाखालच्या सहाही विधानसभा क्षेत्रांत वाटला जातो, आणि डॉक्टर-परिचारिकांचे पगार त्यातून देता येत नाहीत.